टपालाची हजेरी

ठोंबरेबाबूंचं पहिलं वाक्य मी ऐकलं ते ओरडण्याचं होतं.

"अवं बाई, शिक्क्यावरून काहून फाडलं ते?"

अमरावतीच्या आमच्या ऑफिसातला माझा तो दुसरा दिवस. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. मला आवक-जावकचं टेबल मिळालं होतं. आलेलं टपाल फोडायचं, रजिस्टरात चढवायचं आणि ज्याचं त्याला वाटायचं, हे माझं काम. मी आपली पाकिटं उघडत होते, जशी कोणीही उघडतं तशी, कडेनं टर्रकन. समोरच्या टेबलावरून काळी टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस उठला. माझ्या हातातले पाकिटाचे दोन तुकडे त्यानं जुळवले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"पाहा. कोठून आलं, कवा आलं, येते काय वाचता?"

मी म्हटलं, "आतला कागद चांगला आहे ना पण."

"आतल्या कागदावर माणूस मागची तारीख टाकू शकते. डाकखान्याच्या शिक्क्याले तसं करता येत नाही."

मग त्यांनी कोटाच्या खिशातून बांबूची एक चोय काढली. वीतभर लांब, घासून घासून सुरीसारखी केलेली. ती पाकिटाच्या डिंकाच्या कडेत घातली, हलकेच फिरवली आणि पाकीट असं उघडलं की पुन्हा चिकटवलं तर कोणाला कळू नये. चोय माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ठेव. माह्याजवळ दुसरी हाय."

मी अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या मजुराची मुलगी. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी मी मॅट्रिकच्या वर्गात होते. घरात माझ्याआधी कोणी ऑफिसच्या खुर्चीवर बसलेलं नव्हतं. त्यामुळे पहिली बोलणी मला फार लागली. ती बोलणी किती कामाची होती, हे कळायला दोन वर्षं गेली.

नामदेवराव ठोंबरे हेही अकोल्याचेच. मोर्णेच्या काठाला, जुन्या शहरात त्यांचं घर. घरी बायको. अमरावतीला ते खोली घेऊन एकटे राहत. शनिवारी ऑफिस सुटलं की बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायची, सोमवारी सकाळी हातात दोन दिवसांच्या ज्वारीच्या भाकरी बांधून परत यायचं. मंगळवारची भाकर पाण्याचा हात लावून खायचे आणि वर म्हणायचे, "सोमवारची पोटासाठी, मंगळवारची दातासाठी." दर बुधवारी बायकोला एक पोस्टकार्ड. ते लिहिताना कोणी बोललं तर चालत नसे. साहेबांनी बोलावलं तरी "दोन ओळी राह्यल्या" म्हणून बसून राहत.

अर्ज वाचायची त्यांची रीत उलटी होती. शेवटचा रकाना आधी, मग वर वर. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिल्या रकान्यात माणूस पाटलावानी बसते. शेवटपर्यंत थकते, मग खरं लिवते." स्वतः दोनदा इंग्रजीत नापास होऊन तिसऱ्यांदा मॅट्रिक झालेले. हे ते कोणापासून लपवत नसत. नवीन आलेल्या ग्रॅज्युएट कारकुनाला तर आवर्जून सांगत. "तुमी बीए, आमी तीन डाव मॅट्रिक. अनुभव कोणाचा जास्त?"

त्यांच्याकडे फीच्या मदतीचं टेबल होतं. कमी उत्पन्नाच्या घरातलं मूल कॉलेजात शिकत असेल तर त्याची फी सरकारनं भरायची, अशी ती योजना. अर्ज कॉलेजातून यायचे, प्राचार्यांची सही आणि हजेरीचा दाखला घेऊन. त्यात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. दिल्लीकडच्या एका विद्यापीठानं टपालानं बी.ए. शिकवायला घेतलं. धडे पाकिटातून घरी येणार, घरी बसून उत्तरं लिहायची आणि टपालानं पाठवायची. ती तपासून पुन्हा टपालानंच परत येणार. ज्यांना नोकरी सोडून कॉलेजात जाणं जन्मात शक्य नव्हतं, त्यांनी ते धरलं. खेड्यावरचे मास्तर, ग्रामसेवक, रेल्वेतले गडी, दोन लेकरं झालेल्या बाया. त्यांनीही आमच्याकडे मदतीचे अर्ज टाकले. आणि एकजात सगळे नामंजूर झाले.

का नामंजूर झाले, ते ऐकण्यासारखं आहे. सरकारी माणसाला एक वळण लागलेलं असतं, की रकाना कोरा सोडायचा नाही. कळवण्यासारखं काही नसलं तर 'निरंक' लिहायचं. गावात पटकीचे रोगी? निरंक. शाळेत नवीन फर्निचर? निरंक. हे अर्ज भरणारे बहुतेक असेच वळण लागलेले. 'गेल्या सत्रातील हजेरी' हा रकाना आला. आता टपालानं शिकणाऱ्याला कसली हजेरी? त्यांनी शहाण्यासारखं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, निरंक. ऑफिसनं वाचलं, हा विद्यार्थी वर्षभरात एकही दिवस शिकायला गेला नाही. लाल शेरा मारून अर्ज बाजूला.

ठोंबरेबाबूंच्या आधी त्या टेबलावर जो होता, त्यानं हे सगळे अर्ज नाडीनं बांधून कपाटावर टाकले होते. ठोंबरेबाबूंनी एक दिवस धूळ झटकून तो गठ्ठा काढला. नेहमीप्रमाणे खालून वर वाचायला लागले. पहिल्या दोनतीन अर्जांना हसले. मग हसू थांबलं. सगळा गठ्ठा वाचून झाल्यावर चष्मा काढून मला म्हणाले, "बाई, आपणच शिकवलं यायले निरंक लिवाले. अन् आपणच त्याच्यावर यायले काढून राह्यलो."

गठ्ठा घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे त्यांचा आवाज बारीक व्हायचा. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

"ठोंबरे, योजना विद्यार्थ्यांसाठी आहे. घरी बसून वाचणारा तो विद्यार्थी कसला? हजेरी नाही, प्राचार्य नाही."

"साहेब, हजेरी हाय. वर्गातली नसन."

"मग कुठली? जो तिथे जातच नाही, त्याची हजेरी कशी धरायची?"

मग ठोंबरेबाबूंचा शांत आवाज आला. "साहेब, मी इथं राह्यतो, बायको अकोल्याले. दर बुधवारी माह्यं कार्ड जाते, तिचं येते. मी घरी नसतो म्हणून माह्यं लग्न निरंक धराचं काय?"

बाहेर आमचा हेडक्लार्क खोकण्याचं नाटक करत हसला. साहेबही हसले असावेत, कारण त्यानंतर ते म्हणाले, "पुरावा आणा. टपालानं शिकलेला माणूस खरोखर शिकत होता, याचा कागद आणा. मी सही करून वर पाठवतो. पण तुमच्या बोलण्यावर नाही पाठवणार."

बाहेर आले ते सरळ माझ्या टेबलाशी. "पाकीट," ते म्हणाले. "धडा आला की गावच्या डाकखान्याचा शिक्का पडते. तपासून उत्तर आलं की पुन्हा पडते. तारखेसकट. कोण्या कॉलेजच्या हजेरीपटावर सरकारचा शिक्का असते, सांग बरं?"

त्या दिवशी त्यांनी गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला पोस्टकार्ड लिहिलं. मी ती जावकला चढवली. मजकूर एकच. आपण शिकत आहात याचा पुरावा म्हणून धडे आलेली पाकिटं घेऊन या. पाकीट फेकू नका, फेकलं असेल तर शोधा.

उत्तरं आली ती वाचून कोणाचाही धीर सुटला असता. पाकिटं चुलीत गेली. पाकिटं लेकरांनी नावा करून सोडली. मूर्तिजापूरकडच्या एका बाईनं लिहिलं होतं, 'सासूबाईंनी रद्दीत घातली, धडे मात्र मी लपवून ठेवले आहेत.' ठोंबरेबाबू प्रत्येक उत्तर वाचून चोयीनं उघडलेल्या त्याच्या पाकिटात परत ठेवत.

एक माणूस मात्र स्वतःच आला. मोतीराम गुरुजी. धारणीच्या पलीकडच्या एका कोरकू खेड्यातले शाळामास्तर, स्वतः कोरकू. आपल्या गावात ते पहिले मॅट्रिक आणि आता टपालाच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरात खाणारी तोंडं वाढली होती. शेवटच्या वर्षाची फी महिनाअखेर गेली नाही तर नाव कमी होणार आणि मागची दोन्ही वर्षं पाण्यात. हातात बारा दिवस. त्यांच्यासाठी प्रश्न एवढाच होता. आणि त्यांचा एक अर्ज वर मंजूर झाला तर त्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांना वाट होणार, हा ठोंबरेबाबूंचा हिशेब होता.

"पाकिटं हायेत?" ठोंबरेबाबूंनी बसायच्या आधी विचारलं.

"आहेत जी," गुरुजी म्हणाले. मग खाली पाहून, "पण उलटी केली."

"उलटी म्हंजे?"

म्हणजे असं, की गुरुजी काटकसरी. आलेलं पाकीट ते सांधे सोडवून उघडायचे, आतली कोरी बाजू बाहेर करायचे आणि डिंकानं पुन्हा चिकटवायचे. नवंकोरं पाकीट तयार. काहींत शाळेचे खडू, काहींत तापाच्या गोळ्या आणि बहुतेकांत बी. कुटकीचं, भेंडीचं, तुरीचं. गावातले लोक पेरणीआधी गुरुजींकडून बी न्यायचे.

मला वाटलं, आता संपलं. ठोंबरेबाबूंचा चेहरा मात्र फुलला. "म्हंजे शिक्का आत हाय! ना ऊन लागलं, ना पानी. आमच्या कपाटापेक्षा बरा ठेवला तुमी. जा गुरुजी, उद्याच्या गाडीनं जा अन् सोमवारी सगळं घेऊन या. बी असन तर बियासकट."

सोमवारी ते आले. तीन नद्यानाले, दोन गाड्या आणि काही कोस पायी, असा तो रस्ता. खांद्यावर पत्र्याचा डबा. दुपारच्या सुटीत आम्ही तो ऑफिससमोर रहमानभाईंच्या चहाच्या टपरीवर नेला, कारण चिकटलेलं पाकीट उघडायला वाफ लागते आणि वाफ रहमानभाईंच्या किटलीला होती.

"क्या बाबूजी, सरकारी चिठ्ठी की चाय बनाओगे?" रहमानभाई म्हणाले.

"चाय तुमीच बनवा. आमाले फक्त तोंडाची वाफ द्या."

"मेरे मुँह की?"

"किटलीच्या!"

एकेक पाकीट त्या तोटीसमोर धरायचं, डिंक सुटला की चोय फिरवायची. बी आधी कपांत काढलं. रहमानभाईंचे सगळे कप बियांनी भरले आणि गिऱ्हाईकं ताटकळत उभी. मी पाकीट उलटवायची, ठोंबरेबाबू चष्म्यावर चष्मा लावल्यासारखे डोळे बारीक करून वाचायचे, आणि गुरुजी हात जोडून उभे. पहिल्या पाकिटाची घडी उलगडली. आत काळा, गोल, ठसठशीत शिक्का. धारणी. खाली तारीख.

"हजर," ठोंबरेबाबू म्हणाले.

दुसरं. "हजर." तिसरं. "हजर." चहाला उभे असलेले लोकही मग प्रत्येक पाकिटाला 'हजर' म्हणायला लागले. कोण कशासाठी हजर, त्यांना काय ठाऊक! एकवीस पाकिटं निघाली. गुरुजी रडले की वाफ डोळ्यांत गेली, ते मला सांगता येणार नाही. उठताना त्यांनी कपांतलं बी परत डब्यात भरलं आणि मूठभर भेंडीचं बी रहमानभाईंना दिलं.

साहेबांनी पाकिटं तारखेनं लावून पाहिली. त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर जागेवर. "इथे दोन महिने काहीच नाही. जुलै, ऑगस्ट. गैरहजर."

"साहेब, मेळघाटात त्या दिवसांत पूल बुडतात. डाकेचा माणूस तिकडचा तिकडं, इकडचा इकडं. कॉलेजाले उन्हाळ्याची सुट्टी असते. याले पावसाळ्याची."

साहेबांनी पाकिटं पुन्हा तारखेनं एकावर एक ठेवली. मग त्यांनी पेन उघडलं आणि बारीक आवाजाच्या त्या माणसानं शिफारस चांगली ठळक लिहिली.

पण वरचं ऑफिस नागपूरला, आणि टपालानं पाठवलं तर महिनाअखेर तिथंच उलटणार. ठोंबरेबाबूंनी रजा टाकली, पाकिटांचा गठ्ठा फडक्यात बांधला आणि स्वतः गेले. त्या आठवड्यात बायकोचं पोस्टकार्ड आलं, ते मीच रजिस्टरात न चढवता त्यांच्या टेबलावर ठेवलं. बुधवारी त्यांचं कार्ड काही गेलं नसणार.

नागपूरला काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथला एक शिपाई पुढे बदलून आमच्याकडे आला, त्याच्या तोंडून कळलं. तीन दिवस हा माणूस व्हरांड्यातल्या बाकावर बसला. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी आत बोलावून विचारलं, "तुम्ही अर्जदार?"

"नाही जी."

"अर्जदाराचे नातेवाईक?"

"नाही जी. त्याच्या अर्जावर प्राचार्याची सही पायजे. त्याले प्राचार्य नाही. म्हणून मी आलो."

शिपाई म्हणाला, मोठे साहेब आधी रागावले, मग गठ्ठा सोडायला सांगितला, आणि मग पंखा बंद करायला सांगितला. पाकिटं उडू नयेत म्हणून.

मंजुरी आली. 'खास बाब म्हणून' हे शब्द त्यात होते. ठोंबरेबाबूंनी तो कागदही खालून वर वाचला. फी वेळेत गेली. मोतीराम गुरुजी पास झाले, आणि निकाल कळवणारं पत्र त्यांनी आम्हाला पाठवलं ते सरळ पाकिटात, उलट न केलेल्या. पुढच्या वर्षी एक कागद आला, की टपालानं शिकणाऱ्यांचे अर्जही घ्यावेत आणि धड्यांच्या पाकिटांवरचे शिक्के हजेरीच्या जागी धरावेत. 'खास बाब' निघून गेली होती. त्या दिवशी ठोंबरेबाबूंनी कपाटावरच्या गठ्ठ्याची नाडी सोडली आणि सगळ्यांना पुन्हा पोस्टकार्डं लिहिली. मूर्तिजापूरकडच्या त्या बाईंना एक ओळ जास्त होती. 'सासूबाईंना सांगा, सरकारला आता ती रद्दी पाहिजे.'

त्या नव्या कागदावर ज्यांना मदत मिळाली त्यांत मी एक. ऑफिसात बसून, टपालानं, मी बी.ए. केलं. माझा अर्ज मात्र ठोंबरेबाबूंनी तपासला नाही. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "माह्या ओळखीची हाय. मले तिच्या चुका दिसणार नाहीत. तुमी पाहा." निकाल लागला त्या दिवशी माझ्या बापानं जिनिंगमधल्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं. ठोंबरेबाबूंनी काही सांगितलं नाही. आवक रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, म्हणाले, "सही कर."

मी केली.

"खाली लिव."

"काय?"

"बीए लिव. लाजू नको. तीन डाव मॅट्रिकवाला पाहून राह्यला." मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

मी एकदा विचारलं होतं, "बाबू, तुम्ही का नाही करत? तुमच्याच टेबलावर तर अर्ज आहेत."

"म्हणूनच," ते म्हणाले. "माह्यं टेबल, माह्याच अर्ज, माह्याच शेरा? टेबल हाय तोवर नाही." मला वाटलं, टाळताहेत. तीनदा मॅट्रिकला बसलेला माणूस, इंग्रजीला भ्यायला असेल.

ते निवृत्त झाले आणि अकोल्याला गेले. वर्षभरानं माझीही बदली अकोल्याला झाली. एक दिवस ऑफिसचं टपाल घेऊन मी डाकखान्यात गेले. खिडकीशी रांग होती आणि पुढे ओळखीची काळी टोपी. पाठ जरा वाकली होती. हातात मोठं, जाड पाकीट. मी हाक मारणार होते, पण खिडकीतला बाबू बोलत होता म्हणून थांबले.

"आजोबा, दर पंधरा दिवसाले दिल्लीले एवढं काय पाठवता? पोरगी देली काय तिकडं?"

"पोरगी नाही रे बाप्पा. मी शिकून राह्यलो तिथं."

"तिथं? तुमी तर इथं उभे हा!"

"इथं उभा हावो अन् वर्गातही हावो," ठोंबरेबाबू म्हणाले. मग टपालात टाकल्याच्या दाखल्याची चिठ्ठी त्यांनी खिडकीतून आत सरकवली आणि बोटानं जागा दाखवली. "पुसट नको करू. ठोकून मार."

बाबूनं शिक्का उचलला आणि मारला. ठोंबरेबाबूंनी चिठ्ठी घेतली, उजेडात धरून तारीख वाचली, ओल्या शाईवर फुंकर घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग रांगेतून बाहेर पडून, माझ्याकडे लक्ष न जाता, जुन्या शहराच्या रस्त्याला लागले. वर्ग सुटल्यावर निघतात तसे.